दोन डब्यांचा आहेर

युवराजरावांनी ऋषिराजला डोळ्यांनी दटावलं ते मला दिसायला नको होतं, पण मी नेमकं त्याच वेळी मान वळवली. बारामतीत ऋषिराजच्या दुकानामागं एक खोली आहे, भिंतींना जाड काळं कापड लावलेली, गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायची. तिथं सोफ्यावर मधोमध मी, डावीकडं माझी धाकटी बहीण राजलक्ष्मी, उजवीकडं तिचे यजमान युवराजराव, असे आम्ही बसलो होतो. समोर दोन ॲम्प्लिफायर, एकावर एक ठेवलेले. खालचा ताकदीचा, वरचा अकलेचा, असं मी त्यांना नुकतंच समजावून सांगितलं होतं. सतार चालू होती. आलापात एक मोकळी जागा आली तेव्हा मी बोट वर केलं आणि म्हणालो, ही शांतता ऐका, सगळं एकात कोंबलेल्या त्या रिसीव्हरला ही शांतता जन्मात जमायची नाही. ऋषिराजनं तोंड उघडलं. तो कॉलेजात माझा विद्यार्थी होता, अजून माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. 'सर, ते जरा मागं' एवढंच तो म्हणाला आणि युवराजरावांनी डोळे मोठे केले, मान अगदी बारीक हलवली. ऋषिराज गप्प झाला. मी राजीकडं पाहिलं. तिनं पदर कानावरून ओढून घेतला होता. एसीचा गारठा असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच कळलं की मी स्वतःची समजूत घालतोय. तिघांचेही चेहरे सारखे झाले होते. दातांच्या डॉक्टरकडं तोंड उघडून बसलेल्या माणसाचे असतात तसे, सोसणारे. त्या खोलीत काहीतरी वाजत होतं. ते तिघांना ऐकू येत होतं आणि मी बोट वर करून शांततेवर भाषण देत होतो.

मी बोट खाली घेतलं. लगेच घेतलं नाही, एकदम घेतलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला कळलं. म्हणून ते हळूहळू गुडघ्यावर आणलं, ताल धरल्यासारखं केलं. माणूस लाज झाकायला काय काय करतो. सतार संपली. युवराजराव म्हणाले, 'एक नंबर, दादा.' राजी म्हणाली, लई छान, अगदी समोर बसून वाजवल्यागत. ऋषिराज म्हणाला, मग सर, हेच फायनल करायचं ना? मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

भवानीनगरला राजीचा नवा बंगला झाला होता आणि वास्तुशांत जवळ आली होती. आमच्याकडं वास्तुशांतीला भावानं बहिणीला आहेर करायचा असतो. तिला साडी, मेहुण्यांना कपडे, आणि घरात कायम राहील अशी एखादी वस्तू. ती वस्तू भावकी येऊन बघते, हात लावून बघते, आणि मग बायका ओट्यावर बसून वर्षभर तिच्याबद्दल बोलतात. त्यामुळं बहीणच आधीपासून त्या वस्तूचं कौतुक करत सुटते. माहेरच्या वस्तूत खोट निघाली तर मान तिची खाली जाते, भावाची जात नाही, भाऊ संध्याकाळी आपल्या घरी गेलेला असतो. हे मला माहीत होतं. माझी आई माझ्या मामानं दिलेल्या डगमगत्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून त्याची तारीफ करायची, आणि आम्हा पोरांना त्या टेबलावर अभ्यास करताना हलायची चोरी होती. युवराजरावांना माडीवर घरचं थेटर हवं होतं आणि मी म्हटलं, ते माझ्याकडं लागलं. ते म्हणाले होते, 'दादा, आमाला एक डबा आन् एक रिमोट बास झाला. मॅच बघायची, कुस्त्या बघायच्या, पोरं पिक्चर लावत्यात.' सरळ माणसाची सरळ मागणी होती. पण मी ऐकतो कुठला? मी त्यांना चांगलं तासभर शिकवलं. एकाच डब्यात सगळं घातलं की कुणाचंच काम धड होत नाही, एकाची उष्णता दुसऱ्याला, दुसऱ्याची खरखर तिसऱ्याला, वेगवेगळं ठेवलं की ज्याचं काम त्यानं करावं. राजी हसून म्हणाली, अरे दादा, आमी बी एकाच डब्यात राहतो की, सासू, दीर, जावा, सगळी. मी म्हणालो, म्हणूनच म्हणतोय. सगळे हसले होते. युवराजराव हात जोडून म्हणाले, तुमाला कळतंय त्यातलं, आमाला काय कळतंय. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

दुकानातून त्यांनी मला गाडीनं भिगवण रोडवरच्या माझ्या सोसायटीपाशी सोडलं. सगळ्या वाटेत मी विचारू शकलो असतो. आतमध्ये काय वाजत होतं हो, एवढंच विचारायचं होतं. कार्ट्यांनो मला सांगितलं का नाही, असं रागावताही आलं असतं, मला रागावता चांगलं येतं. पण मी उसाच्या भावावर बोललो, रस्त्याच्या कामावर बोललो. राजी मागच्या सीटवरून दर वाक्याला हूं हूं करत होती, जरा जास्तच करत होती. तिला वाटत असेल की आपण पदर ओढला तो दादानं पाहिला. मला वाटत होतं की मी पाहिलं हे तिनं पाहिलं. असं एकमेकांना सांभाळत आम्ही घरापाशी आलो, आणि उतरताना मी दार जोरात आपटलं. युवराजरावांनी हसून हात केला, एरवी गाडीचं दार आपटलेलं त्यांना चालत नाही.

जिना चढताना मला वालचंदनगरचं क्वार्टर आठवत होतं. आमचे वडील कंपनीच्या हिशेबखात्यात होते. संध्याकाळी घरातला रेडिओ लागला की स्टेशन लावायचं काम माझं. बटण केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि मी म्हणायचो, आता. आता म्हटल्यावर कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी आई मला इंदापूरच्या बाजारात न्यायची, माठ निवडायला. सगळेच टिचकी मारून माठ घेतात, पण मी टिचकी मारून सांगायचो की या माठाला चीर आहे, दिसत नाही पण आहे. कुंभारीण चिडायची, पाणी भरून दाखवायची आणि खाली ओल यायची. मग कॉलनीतल्या बायका आईकडं यायच्या, रघूला जरा पाठवा हो, माठ घ्यायचाय. रघूचा कान, रघूचा कान, असं आमच्या आळीत चालायचं. राजी तेव्हा एवढीशी, फ्रॉकची नाडी तोंडात धरून माझ्यामागं बाजारभर फिरायची आणि प्रत्येक कुंभाराला सांगायची, माझ्या दादाला फसवता येत नाही. लग्न होऊन ती भवानीनगरला गेली तेव्हा दागिन्यांबरोबर हेही घेऊन गेली. सासरी कुणाची मोटार वेगळी वाजायला लागली, लाऊडस्पीकर खरखरायला लागला, की ती म्हणायची, माझ्या दादाला विचारा. मी जायचो आणि सांगायचो. माझा रुबाब तिथं तिच्या जिवावर होता आणि तिचा माझ्या. हे मी कुणाला बोललो नाही, पण वय होत गेलं तसं मला दुसरं काही नाही म्हटलं तरी चालत होतं, कान नाही म्हटलेलं चाललं नसतं.

घरात माझी बायको यशोदा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. बाहेरच्या खोलीत माझे दोन डबे, त्यांच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. त्या खोलीत रविवारी सकाळी कुणी बोलत नाही. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी सुद्धा आधी करून घ्यायची, असा माझा कायदा आहे. मी डबे चालू केले, गाणं लावलं नाही. हिरवा दिवा लागला. मी ऐकलं. काही नव्हतं, माझ्या जिवाची आवडती शांतता होती. मी जरा पुढं वाकलो, स्पीकरला कान लावला. तरी काही नाही. मग तिथूनच विचारलं, यशोदा, काही वाजतंय का गं? तिच्या हातातल्या शेंगेचा आवाज थांबला. मला शेंगेचा आवाज येतो, हेही सांगून ठेवतो, मी काही ठार बहिरा नाही.

ती म्हणाली, 'शिट्टी येते ती? ती येतेच की. इन्व्हर्टर बसवल्यापासून येते.'

मी विचारलं, कसली शिट्टी? तर ती म्हणाली, बारीक, सारखी, डासाहून बारीक, दाताच्या मुळाशी जाते. इतकं नीट वर्णन तिनं केलं की मला कळलं, ती त्या शिट्टीसोबत फार बसलेली आहे. मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस? आवाज माझा चढला होता. तिनं मटार वाटीत सारले, टरफलं बाजूला केली.

'सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुझा कान कच्चा आहे.'

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो. तिनं भाजीत मीठ घातलंय असं सांगावं तसं सांगितलं. मी बोललो असणार. मला आठवत नाही, म्हणजे ते मी इतक्या सहज बोललो असणार. इराचंही तसंच. इरा आमची मुलगी, पुण्याला नोकरीला असते, दोन-तीन महिन्यांनी येते आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. पूर्वी माझ्या शेजारी मांडी घालून गाणं ऐकायची. मी यशोदेला म्हणायचो, शहरात गेली आणि पोरीची अभिरुची गेली, कानात ती बोंडं घालून फिरते. यशोदा तेव्हा विषय बदलायची. आता मी विचारलं, इराला येते? ती म्हणाली, तिचं डोकं दुखतं हो त्यानं. तिचं डोकं दुखायचं, आणि ती बाबांना वाईट वाटू नये म्हणून ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायची, आणि बाबा बाहेर एकटे मान डोलवत बसलेले. मला ते चित्र बाहेरून दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तोंड तापलं, कानाच्या पाळ्या तापल्या. पाळ्या अजून व्यवस्थित काम करत होत्या.

मी भौतिकशास्त्र शिकवलं आयुष्यभर. दरवर्षी ध्वनीचा धडा आला की फळ्यावर लिहायचो, वय वाढेल तसे वरचे सूर आधी जातात. प्रयोगशाळेत यंत्रावर सूर चढवत न्यायचो आणि पोरांना सांगायचो, हात वर ठेवा, ऐकू यायचं थांबलं की खाली घ्या. सुरुवातीला मीही त्यांच्याबरोबर हात वर धरायचो, कारण त्यात गंमत होती, पोरांना मास्तर हरलेला बघायचा असतो. नंतर नंतर मी हात वर करायचं सोडलं. यंत्राकडं तोंड करून उभा राहायचो, आकडे वाचायचो. का सोडलं ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता मी फोनवर तसाच सूर काढला आणि यशोदेच्या समोर बसलो. येतोय? येतोय. आता? येतोय. मला तो केव्हाच यायचा थांबला होता आणि ती मटार सोलता सोलता येतोय म्हणत होती. काही वेळानं ती नाही म्हणाली. मला वाटलं, चला, हिचंही संपलं. मग तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि समजलं की तिला अजून येत होता. तिनं मला बरं वाटावं म्हणून नाही म्हटलं होतं. मी फोन उपडा ठेवला. ती म्हणाली, वय झालं की होतंच, त्यात काय. त्यात काय आहे ते मला तिला सांगता आलं नसतं. ऐकू येत नाही याची लाज नव्हती वाटत मला, खरंच नव्हती. आजूबाजूची सगळी माणसं ते माझ्यापासून लपवत होती, मला जपत होती, आणि मी त्या जपण्याला माझा मान समजत होतो, त्याची लाज होती.

शास्त्र मला कळत होतं, ते कुठं गेलं नव्हतं. इन्व्हर्टरची बारीक किंचाळी वायरीत शिरते, ऋषिराजच्या दुकानातही इन्व्हर्टर होताच. दोन डबे म्हटले की मधे वायरी आल्या, वायरी आल्या की शिट्टीला वाट झाली. एकच डबा असता तर मधली वायरच नाही, शिरणार कुठून? युवराजरावांच्या छपरावर तर सोलर, त्याचा इन्व्हर्टर कपाटाएवढा. तिथं ही शिट्टी दुप्पट वाजणार होती. आणि राजी काढणार नव्हती. राजी ते डबे कधी काढणार नव्हती, बंदही करणार नव्हती, कारण दादानं दिलं. पाहुणे आले की चालू करणार, सोसणार, आणि वर सांगणार, माझ्या भावाचा कान आहे, उगीच नाही. पोरं तिथं बसणार नाहीत, युवराजराव खाली येऊन फोनवर मॅच बघतील, ती पोरांवर खेकसेल. आईनं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला तसं ती काय काय घालत राहील. एवढं सगळं मला स्वच्छ दिसलं, आणि तरी मी काय केलं, तर पळवाट शोधली. दुसऱ्या दिवशी ऋषिराजला फोन लावला. म्हटलं, अरे, मी विचार केला, त्यांना सोयीचं पडेल, तो एका डब्याचा रिसीव्हरच पाठव. अगदी उदार माणसाच्या आवाजात म्हटलं.

ऋषिराज म्हणाला, 'सर, ताई सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, दादाचा फोन येईल, तो काहीबी म्हणाला तरी बदलायचं न्हाय. त्याला वाटंल आमी नको म्हटलं.' गाडी निघालीसुद्धा होती, माणसं बसवायला गेली होती. मी बरं म्हणून फोन ठेवला. राजीनं माझी पळवाट माझ्याआधी बुजवून टाकली होती. लहानपणी फ्रॉकची नाडी चघळत बाजारात फिरणारी पोरगी, तिनं मला पुरतं ओळखलं होतं. आता एकच राहिलं होतं. तोंडानं सांगायचं की राजी, मला ऐकू येत नाही, म्हणून मी चुकीची वस्तू दिली. नाहीतर गप्प बसायचं, आणि तिच्या घरात ती शिट्टी कायमची सोडून यायची. वास्तुशांतीपर्यंत मी ते वाक्य अंघोळ करताना म्हणून बघितलं, फिरायला गेलो की म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी त्यात शेवटी काहीतरी जोडलं जायचं. थोडंसं येत नाही. सर्दीमुळं येत नाही. डाव्या कानानं येत नाही. साधं वाक्य, पण साधं राहतच नव्हतं.

वास्तुशांतीला आम्ही दोघं सकाळीच गेलो. भवानीनगरच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं आमची गाडी मुंगीच्या पावलानं. यशोदा म्हणाली, सांगणार आहात ना? मी म्हणालो, बघू. ती खिडकीबाहेर बघत राहिली. होमहवन झालं, आहेर झाला. राजी आणि युवराजराव पाटावर बसले, मी तिच्या अंगावर साडी घातली, त्यांना कपडे दिले, त्यांनी वाकून नमस्कार केला. मला त्या नमस्काराचाही त्रास झाला. जेवणं उरकली आणि राजी भावकीतल्या बायकांना घेऊन माडीवर निघाली, चला, माझ्या भावानं काय दिलंय बघा. मला आधीच नेऊन मधल्या मोठ्या खुर्चीत बसवलं होतं, देवासारखं. युवराजरावांनी हलगी लावली. ती मला छान ऐकू येत होती, छातीत वाजत होती. बायका दारातून आत यायच्या, एक पाऊल टाकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, मग राजीकडं बघून त्या हसायच्या, बाई बाई, केवढं मोठं, किती झाक, आणि आल्या पावली जिन्याकडं. कुणाचं पोर रडत होतं म्हणे, कुणाला पान खायचं होतं. पुरुषमंडळी तंबाखू मळायला गच्चीत गेली. दिग्विजय म्हणून त्यांचा एक चुलतभाऊ आहे, त्यानं कानात बोट घातलं, राजीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते बोट डोकं खाजवायला नेलं. थोड्या वेळानं खोली रिकामी झाली. सगळे जिन्यात आणि गच्चीच्या दारात घोटाळत होते, आत कुणी नव्हतं. म्हणजे मी होतो आणि धोंडाबाई होत्या.

धोंडाबाई म्हणजे राजीच्या सासूबाई. नव्वदीला टेकल्यात, आणि बहिऱ्या. त्यांच्याशी घरात हातवारे करूनच बोलतात, फारच निकड असली तर कानात ओरडतात. त्या स्पीकरला खेटून सतरंजीवर बसल्या होत्या, पंजा त्याच्या लाकडावर ठेवून. हलगीचा ठोका हाताला लागत होता, मान त्यावर हलत होती. त्यांना काहीसुद्धा खुपत नव्हतं. माझ्याकडं बघून त्या बोळक्या तोंडानं हसल्या.

'लई ग्वाड वाजतंय, पावणं. ही समदी पळाली. ह्यास्नी काय कळतंय? तुमाला न् मलाच कळतंय.'

त्या खूप मोठ्यानं बोलल्या, बहिरी माणसं बोलतात तसं. जिन्यात कुणीतरी हसू दाबलं, ते मात्र मला ऐकू आलं. राजी दारात उभी होती. तिनं चटकन जिन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला. मी तिला खुणेनं जवळ बोलावलं. ती आली, वाकली. मी म्हणालो, राजी, शिट्टी वाजतीय ना गं. ती म्हणाली, 'कसली शिट्टी? न्हाय बाई, दादा, काय न्हाय.' तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी रिमोट उचलला आणि हलगी थांबवली, डबे चालूच ठेवले. मला शांत झालं. पण राजीची आठी तशीच होती, जबडा आवळलेलाच होता, गच्चीच्या दारातले युवराजराव एक डोळा बारीक करून उभे होते तसेच उभे. मग मी उठलो, गुडघे कुरकुरले, भिंतीशी गेलो आणि बटण पाडलं. हिरवा दिवा विझला. मला काहीच फरक पडला नाही, आधीची शांतता आणि ही शांतता माझ्यासाठी एकच होती. पण राजीचे खांदे खाली आले. तिला नकळत आले, तिनं ते आणले नव्हते. युवराजरावांनी श्वास सोडला. जिन्यातल्या बायका एकदम बोलायच्या थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या, जड ओझं उतरवल्यावर माणूस क्षणभर बघतो तशा. मी ते सगळं उभ्या उभ्या बघितलं. माझ्या घरात हे कधीपासून चाललं असेल, मी बटण पाडलं की यशोदेचे खांदे असेच खाली येत असतील, आणि मी त्याच वेळी तिला विचारत असेन, कसं वाटलं?

राजीनं माझं मनगट धरलं. हळूच म्हणाली, दादा, राहू दे ना, मला आवडतं ते, होईल सवय. मी ते वाक्य तिला सांगणार होतो, हळूच, तिच्या एकटीच्या कानात, जसं घोकलं होतं तसं. पण तेवढ्यात धोंडाबाईंनी स्पीकरवरचा पंजा उचलून हवेत हलवला.

'का ओ पावणं, का बंद केलंसा?'

मी हातानं काहीतरी खूण केली, राहू द्या, नंतर. त्यांना कळली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आं? का? आणि हात कानामागं धरला. राजी म्हणाली, आत्याबाई, काय न्हाय, लाईट गेली. त्यांना तेही ऐकू गेलं नाही, त्या माझ्याच तोंडाकडं बघत राहिल्या, आणि ती म्हातारी उत्तर मिळाल्याशिवाय नजर काढणार नव्हती. मी त्यांच्याजवळ खाली वाकलो. त्यांच्या कानाला तोंड लावलं. दुसरा इलाजच नव्हता, त्यांना सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं.

'आत्याबाई, मला ऐकू येत नाही!'

माडीवर, जिन्यात, गच्चीवर, खाली मांडवात आचाऱ्यापर्यंत ते गेलं असणार. भांड्यांचा आवाज थांबला. राजीनं तोंडाला पदर लावला. माझं तोंड पेटलं होतं, आणि वाक्याला शेवटी काही जोडलं गेलं नव्हतं. धोंडाबाईंना मात्र पहिल्या झटक्यात कळलं. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं, जरा बाजूला सरकल्या, आणि सतरंजीवर आपल्या शेजारची जागा हातानं थोपटली.

'मग बसा की हितं,' त्या म्हणाल्या. 'मला तरी कुटं येतंय.'

मी बसलो.